पायाखालची जमीन : गोमंतकातील गृहबांधणीची पूर्वतयारी

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे की, तिने अर्धीच गोष्ट सांगितली आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बांधलेले घर दिसते, बांधणारे हातही दिसतात. पण पहिली कुदळ मारण्यापूर्वी जे घडून गेलेले असते ते दिसत नाही, आणि म्हणून त्याचा इतिहासही फारसा लिहिला जात नाही. गोमंतकात जुन्या काळी भिंती आणि छप्पर उभे राहण्यास एक हंगाम, फार तर दोन हंगाम लागत. त्या हंगामाची तयारी मात्र वर्षानुवर्षे चाले. आजोबांनी परसात लावलेल्या फणसाची चौकट नातवाच्या घराला लागावी, ही गोष्ट त्या काळी नवलाची नव्हती.

गोव्यातील जुन्या घरांविषयी गेल्या काही दशकांत बरेच लिहिले गेले आहे. चांदोर, सांखळी, पेडणे येथील मोठमोठ्या वाड्यांची छायाचित्रे देशोदेशीच्या ग्रंथांत छापून आली. या लेखनाचा भर साहजिकच घरांच्या दर्शनी भागावर राहिला. कोणी बलकांवाचे कौतुक केले, कोणी राजांगणातील खांबांचे, कोणी शिंपांच्या तावदानांतून झिरपणाऱ्या मंद उजेडाचे. ते कौतुक रास्तच आहे. परंतु असे घर गावात एखादे-दुसरे असे. बाकीचे गाव ज्या घरांत राहत होते ती घरे कशी सिद्ध होत, त्यांची तयारी कोण करू शके आणि कोण करू शकत नसे, या प्रश्नाकडे वळले की वास्तुकलेचा विषय मागे पडतो आणि जमिनीचा विषय पुढे येतो.

तयारीला एवढे महत्त्व येण्याचे पहिले कारण पाऊस. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या या चिंचोळ्या पट्टीत वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. दिवाळी उलटल्यावर काम सुरू करायचे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागण्याच्या आत छप्पर चढवायचे, एवढाच अवधी हाताशी असे. मातीची उघडी भिंत एका पावसात विरघळते. अर्धवट भिंत म्हणजे पावसाला दिलेले दान. त्यामुळे एकदा आरंभलेले काम साहित्य किंवा पैसा संपला म्हणून मध्येच थांबविण्याची सोय नव्हती. जे लागणार ते सर्व आधीच अंगणात येऊन पडलेले असले पाहिजे. चिऱ्यांची रास, लाकडांचा थर, कौलांची उतरंड, चुन्याची खाच असा सगळा संसार घराच्या आधी उभा राही आणि शेजारीपाजारी त्यावरून ओळखत, की येत्या दिवाळीनंतर येथे मुहूर्त आहे.

जागेची निवड शास्त्राने, देवाने आणि शेजाऱ्याने अशी तिहेरी होई. शास्त्राची बाजू पाहायची तर वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वास्तुविद्येचा एक स्वतंत्र अध्याय आहे. सहाव्या शतकातील या ग्रंथात सांगितलेली भूमिपरीक्षा मोठी व्यवहारी आहे. हातभर खोल खड्डा खणावा आणि निघालेल्या मातीनेच तो पुन्हा भरावा. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर टाकाऊ. किंवा खड्डा पाण्याने भरून शंभर पावले चालून यावे. पाणी उणे झाले नसेल तर जागा चांगली. भुसभुशीत आणि घट्ट जमीन यांतील भेद ओळखण्याची ही साधी रीत आहे, आणि आजच्या एखाद्या स्थापत्य अभियंत्यालाही तिच्यात हसण्यासारखे काही आढळू नये. त्याच ग्रंथात वर्णानुसार मातीचे रंग वाटून दिलेले आहेत, तेही येथे नमूद केले पाहिजे. कोणी कोणत्या जागेवर राहावे हे ठरविण्याची हौस आपल्या परंपरेत फार जुनी आहे.

खोल्यांच्या मापांचा हिशेब जोशी आणि सुतार मिळून करीत. लांबी आणि रुंदी हातांत मोजायची, त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला आठांनी भागायचे. जी बाकी उरते तिला ‘आय’ म्हणतात. ध्वज, धूम्र, सिंह, श्वान, वृषभ, खर, गज आणि ध्वांक्ष म्हणजे कावळा असे हे आठ आय. त्यांपैकी एक, तीन, पाच आणि सात बाकीचे, म्हणजे ध्वज, सिंह, वृषभ आणि गज हे शुभ. एकवीस हात लांब आणि तेरा हात रुंद अशी जागा घेतली तर गुणाकार २७३ येतो, आठांनी भागून बाकी एक, म्हणजे ध्वज आय. तीच जागा वीस हात बाय बारा हात केली तर बाकी काहीच उरत नाही आणि घर कावळ्याच्या वाट्याला जाते. थोडा विचार केला तर दिसून येते, की शुभ आय येण्यासाठी गुणाकार विषम हवा, आणि गुणाकार विषम यायचा तर दोन्ही बाजू विषमच हव्यात. एवढे गूढ गणित सुताराने एका वाक्यात बसविले तर ते असे होते, की घराची लांबीही विषम हातांची धरावी आणि रुंदीही.

शास्त्राचा निर्णय झाला तरी देवाचा कौल हवा. ग्रामदेवतेच्या मूर्तीला पाकळ्या लावून प्रश्न विचारायचा आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते यावरून होकार-नकार समजायचा, ही रीत गोव्यात आजही चालू आहे. या ‘प्रसादा’ला श्रद्धेइतकेच सामाजिक अंगही आहे. प्रश्न देवळात, चार गावकऱ्यांसमक्ष विचारला जाई. म्हणजे अमुक मनुष्य अमुक ठिकाणी घर बांधू इच्छितो हे सर्वांच्या कानांवर पडे. ज्याची हरकत असेल त्याने तेथेच बोलावे. आज वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापतात, तिचे काम देवळाच्या चौकात होत असे.

साहित्यात पहिला मान चिऱ्याचा. ज्याला अन्यत्र जांभा म्हणतात तो हा तांबडा, सच्छिद्र दगड गोव्याच्या पठारांवर विपुल सापडतो. लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या संयुगांनी भरलेला हा दगड खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की हत्याराने त्याचे ठोकळे पाडता येतात. हवा-उन्हात राहिला की तो कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन याने म्हैसूर, कानडा आणि मलबार या प्रदेशांतील आपल्या प्रवासाचे वर्णन १८०७ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात मलबारातील अंगाडीपुरम येथे पाहिलेल्या या दगडाला त्याने लॅटिन भाषेतील विटेच्या नावावरून ‘लॅटराइट’ असे नाव दिले. विज्ञानाला हे नाव मिळण्यापूर्वी कित्येक शतके कोकण-गोव्याचा पाथरवट या दगडाचा स्वभाव ओळखून होता. ताजा चिरा भिंतीत घालू नये, त्याला काही महिने उघड्यावर राहू द्यावे, हा त्याचा नियम होता. ज्याला शक्य असे तो आदल्या वर्षीच चिरे काढून आणी आणि पावसाळाभर अंगणात ठेवी. त्यात जो चिरा फुटे किंवा झडे तो बाजूला पडे.

चिऱ्याची भिंत कितीही भक्कम असली तरी तिला अंगरखा लागतो. जुन्या गोव्यातील बॉम जेझू हे चर्च १५९४ ते १६०५ या काळात बांधले गेले, तेव्हा त्याच्या चिऱ्यांवर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास दगडाचे सौंदर्य दिसावे म्हणून तो काढण्यात आला, आणि तेव्हापासून पावसाने झिजणाऱ्या त्या भिंती हा वास्तुरक्षकांच्या चिंतेचा विषय होऊन बसला आहे. गोव्याच्या गवंड्याला ही चूक करण्याचे धाडस झाले नसते. नदीकाठच्या आणि खाडीच्या शिंपल्या भट्टीत भाजून चुना करायचा, तो पाण्यात विझवून खाचेत मुरत ठेवायचा, मग वाळू घालून मळायचा. गुळाचे पाणी मिसळण्याचीही रीत होती. हा चुना महाग पडे. म्हणून मध्यम स्थितीतील कुटुंबे चिरे मातीत बसवीत आणि चुना गिलाव्यापुरता राखीत. ज्यांना चिराही परवडत नसे त्यांची भिंत सबंध मातीची. वारुळाची चिकण माती त्यासाठी उत्तम समजली जाई. माती पायांनी तुडवून तिचा हात-दीड हात उंचीचा थर घालायचा, तो वाळेपर्यंत थांबायचे, मग दुसरा. घाई केली तर भिंत फुगते. या सगळ्याला पाणी लागे, म्हणून पायाच्या आधी विहीर खणण्याचा प्रघात होता. विहिरीला पाणी लागले नाही तर घराची जागाच बदलत.

लाकडाची तयारी सर्वांत लांबलचक. वासे माडाचे किंवा किंदळीचे, आढे आणि तुळया सागाच्या वा ऐनाच्या, दरवाजे आणि देव्हारा फणसाचा, कौलांखालच्या पट्ट्या पोफळीच्या, असा साधारण विभाग असे. झाड कृष्णपक्षात तोडावे, त्या काळात त्यात रस कमी असतो व कीड लागत नाही, असा सुतारांचा अनुभव होता. तोडलेले लाकूड वर्ष-दोन वर्षे सावलीत मुरवत ठेवायचे. पुष्कळ घरांच्या मागच्या पडवीत वाशांवर आडव्या टाकलेल्या फळ्या पिढी उलटली तरी तशाच असत. त्या कशासाठी ठेवल्या आहेत हे घरातील लहान मुलांनाही ठाऊक असे. भावाभावांत वाटणी झाली की भांड्यांबरोबर या फळ्याही वाटल्या जात.

छपराच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकात मोठा पालट झाला. त्यापूर्वी गरिबाचे घर माडाच्या विणलेल्या झापांनी किंवा भाताच्या पेंढ्याने शाकारलेले असे आणि बऱ्या स्थितीतील माणसाचे कुंभाराने घडविलेल्या नळीच्या कौलांनी. दोन्हींना दर वर्षी हात लावावा लागे. १८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट याने मंगळूर येथे यंत्रावर कौले काढण्याचा कारखाना सुरू केला आणि एकमेकांत अडकणारी ती चपटी कौले समुद्रमार्गे सर्व किनाऱ्यावर पसरली. या कौलाने तयारीची रीतच बदलली. नळीच्या कौलांना वेडीवाकडी पोफळीची पट्टीही चाले. मंगळुरी कौलांना सारख्या अंतरावर बसविलेल्या, कापून सरळ केलेल्या रिपा लागतात. म्हणजे आता परसातील पोफळ पुरेना. करवतीवर कापलेले लाकूड विकत आणावे लागले. परसातून येणारे साहित्य कमी होत गेले आणि बाजारातून येणारे वाढले. त्याबरोबर रोख पैशाची गरज वाढली.

हा पैसा बहुधा गावाबाहेरून येई. मुंबईत पेढीवर किंवा दुकानात नोकरीस असलेला मुलगा, आफ्रिकेत गेलेला शेजारचा ख्रिस्ती तरुण, पुढे आखाती देशांत गेलेले दोघांचेही नातू, यांच्या मनीऑर्डरींवर गोव्यातील कितीतरी घरे उभी राहिली. एका वर्षीच्या पैशाचे चिरे, दुसऱ्या वर्षीच्या पैशाचे लाकूड, तिसऱ्या वर्षी कौले, अशी ती हप्त्याहप्त्याने जमत. बँकेचे कर्ज नव्हते, तेव्हा अंगणातील चिऱ्यांची रास हीच बचत होती. ती चोरीला जात नसे आणि उधळताही येत नसे.

येथवरचे वर्णन ज्यांची जमीन स्वतःची होती अशांचे झाले. अशी माणसे गोव्यात किती होती?

जमिनीशी असलेले नाते तुटले की घराची तयारी कशी कोलमडते, याचा पहिला मोठा अनुभव गोमंतकाने सोळाव्या शतकात घेतला. १५१० मध्ये तिसवाडी आणि १५४३ मध्ये बारदेश व साष्टी हे प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. १५४० नंतरच्या तीन दशकांत तेथील देवळे पाडण्यात आली. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास नेण्यात आली. देवांबरोबर माणसेही झुआरी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात गेली. देवांच्या स्थलांतराच्या कथा सर्वांना ज्ञात आहेत. त्यांच्यामागे नदी ओलांडणाऱ्या कुटुंबांनी पहिला पावसाळा कोणत्या छपराखाली काढला असेल, याचा विचार सहसा होत नाही. त्यांच्यापाशी मुरलेले लाकूड नव्हते, वाळलेला चिरा नव्हता. देव नव्या ठिकाणी आरंभी साध्याच घरांत राहिले, मग माणसांची कथा काय? कवळे-मंगेशीची आजची भव्य देवळे बहुतांशी अठराव्या शतकातील आहेत, म्हणजे बस्तान बसण्यास दीड-दोनशे वर्षे लागली. जे मागे राहिले आणि ख्रिस्ती झाले त्यांच्याही अंगणावर राज्यकर्त्यांची नजर होती. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने त्यांना घरात आणि परसात तुळस लावण्याची मनाई केली. घर बांधताना वृंदावनाची जागा सोडावी की नाही, हा प्रश्नही अशा रीतीने सरकारदरबारी गेला.

गोव्यातील जमिनीची मूळ व्यवस्था गावकरीची. गावची जमीन गावकारांच्या संस्थेची, म्हणजे पोर्तुगिजांनी जिला कोमुनिदाद म्हटले तिची. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया याने या गावकऱ्यांचे रीतिरिवाज ‘फोराल’ या दस्तात नोंदविले आणि शेवटी १९६१ च्या एप्रिलमध्ये, पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या वर्षी, त्यांची संपूर्ण संहिता प्रसिद्ध झाली. घरासाठी जागा हवी असेल तर कोमुनिदादीकडे अर्ज करून ती कायम पट्ट्याने घ्यायची. या पट्ट्याला आफोरामेंत आणि त्याच्या वार्षिक खंडाला फोर म्हणतात. अर्ज, आखणी, जाहीर सूचना, हरकती, मंजुरी असे त्याचे टप्पे होते, आणि घरासाठी घेतलेली जागा घराविना पडून राहू नये असा संहितेचा कटाक्ष होता. खासगी जमीन विकत घेणाऱ्याला आणखी एक काळजी घ्यावी लागे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. त्यानुसार पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः समाईक असते आणि एकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नाही. दस्तावर विकणाऱ्याच्या पत्नीची सही आहे ना, हे पाहणे हा जागा घेण्याच्या तयारीचा भाग झाला. बाईच्या सहीवाचून घराचा पाया घालता येऊ नये, ही तरतूद त्या काळी हिंदुस्थानात अन्यत्र शोधून सापडणे कठीण. समाईक मालकीचे हे तत्त्व गोव्यात आजही टिकून आहे.

पण कोमुनिदादीचा पट्टा काय किंवा खरेदीखत काय, ज्याच्या हाती चार पैसे आणि थोडी अक्षरओळख असेल त्याच्यासाठीच ते होते. उरलेल्यांसाठी एकच वाट होती, मुंडकारपणाची. ‘भाट’ म्हणजे माडापोफळींची बागायत आणि तिचा मालक तो भाटकार. भाटकाराच्या जमिनीत त्याच्या परवानगीने खोप किंवा घर बांधून राहणारा तो मुंडकार. भाटाची राखण करायची, पाडप्याच्या वेळी हजर राहायचे, भाटकाराच्या लग्नकार्यात राबायचे. त्या बदल्यात डोके टेकायला जागा. या करारात कागद नव्हता. शब्द होता, आणि तो शब्द भाटकाराचा होता. काही भाटकारांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला हेही खरे, आणि काहींनी एका भांडणासरशी तो फिरविला हेही खरे.

मुंडकाराचे घर मातीचे आणि छप्पर झापांचे का असे, याचे उत्तर केवळ दारिद्र्य असे देऊन चालणार नाही. चिऱ्याचे घर म्हणजे कायमचे घर, आणि कायमचे घर म्हणजे हक्काची भाषा. दुरुस्तीसाठीसुद्धा जेथे अनुमती विचारायची तेथे चिरे आणून टाकणे हे भाटकाराला आव्हान वाटे. ज्या झाडांखाली मुंडकार राहत होता ती झाडे त्याची नव्हती. फणस तोडून तो मुरवत ठेवण्याचा अधिकार त्याला नव्हता. विहीर भाटकाराची. भूमिपरीक्षा करून जागा निवडण्याचा प्रश्नच नव्हता. भाटाच्या ज्या कोपऱ्यावरून राखण नीट होईल तो कोपरा त्याच्या वाट्याला येई. ज्याला उद्या उठविता येते त्याने दहा वर्षांची तयारी कोणत्या भरवशावर करावी? म्हणून चिऱ्याचे घर आणि मातीचे घर यांतील फरक जितका पैशाचा होता तितकाच काळाचाही होता. एकाला पुढची पिढी दिसत होती, दुसऱ्याला पुढचा पावसाळा. गोव्यातील घरांच्या सौंदर्यावर लिहिणाऱ्यांनी हा फरक नजरेआड केला, असे म्हणणे भाग आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या अखेरीस दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि १९६४ मध्ये कूळ कायदा आला. परंतु तो कसणाऱ्यासाठी होता, राहणाऱ्यासाठी नव्हे. घराचा प्रश्न हाती घेतला तो शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढण्यास बंदी केली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घर व त्याभोवतालची जमीन विकत घेण्याचा हक्क त्याला दिला. ही जमीन सामान्यतः ग्रामपंचायतीच्या हद्दीत ३०० चौरस मीटर आणि नगरपालिकेच्या हद्दीत २०० चौरस मीटर धरली जाते. पूर्वी ज्याला एक माड तोडता येत नव्हता त्याला ३०० चौरस मीटरचा मालक होण्याची वाट कायद्याने मोकळी केली.

वाट मोकळी झाली, पण सोपी झाली नाही. हक्क मिळवायचा तर मामलेदारापुढे मुंडकारपण सिद्ध करायचे, आणि ते सिद्ध करायचे तर भाटकाराची संमती होती हे दाखवायचे. जी संमती कधी लिहिलीच गेली नव्हती ती दाखवायची कशी? साक्षीदार म्हातारे झालेले, भाटकाराची जमीन वारसांत वाटली गेलेली, काही वारस लिस्बनला आणि काही मुंबईला. त्यातून १९६८ च्या जमीन महसूल संहितेनंतर गोव्याची नव्याने मोजणी झाली आणि ‘एक-चौदा’चा उतारा हा घराचा नवा जन्मदाखला ठरला. त्या उताऱ्याच्या रकान्यात आपले नाव लागले आहे की नाही, हे पुष्कळ मुंडकारांना पुढे कज्जा उभा राहिला तेव्हा कळले. प्रकरणे रेंगाळली, काही अजून रेंगाळत आहेत. भाटकारांचीही एक बाजू आहे, आणि लहान भाटकाराच्या बाबतीत ती सहानुभूतीने ऐकण्यासारखी आहे. ज्याची सारी मालमत्ता एका भाटाएवढीच, त्याच्या भाटात चार मुंडकार असले की त्याच्याकडे फारसे उरत नाही.

२०२१ मध्ये गोवा विधानसभेने तीस वर्षे राहत असलेल्या घराखालची जमीन मिळण्याची तरतूद करणारे ‘भूमिपुत्र अधिकारिणी’ विधेयक संमत केले. परक्यांनी बेकायदा बांधलेली घरेही त्यामुळे कायदेशीर होतील या भीतीने त्याला मोठा विरोध झाला आणि ते अमलात आले नाही. कोमुनिदादीच्या जमिनीतील घरांचा वादही जुनाच आहे. आज नव्याने घर बांधू पाहणाऱ्याची तयारी चिऱ्यापासून सुरू होत नाही. उतारा, जमीन रूपांतराची सनद, नगरनियोजन खात्याचा दाखला, पंचायतीचा परवाना अशी कागदांची रास आधी जमवावी लागते, आणि तीही पावसाळ्यामागून पावसाळे खाते. लाकूड मुरविण्याला वेळ नाही. फाइल मात्र चांगली मुरते.

मुंडकाराच्या घराची मोजणी होते त्या दिवशीचे दृश्य गोव्यातील खेड्यांत पुष्कळांनी पाहिलेले आहे. मोजणीदार फीत काढतो, घराच्या बाहेरच्या भिंतीला तिचे टोक धरतो आणि तेथून अंगणाकडे मीटर मोजत जातो. शेजारच्या माडाचे बूड रेघेच्या आत येते की बाहेर, यावर दोन्ही बाजूंची माणसे वाकून पाहतात. ज्या घरात तीन पिढ्या जन्मल्या आणि वारल्या त्या घराची भूमिपरीक्षा ही अशी शेवटी होते. हुकूम हाती पडल्यावर अनेकांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे चिऱ्यांचा ट्रक सांगितला. मातीची भिंत एकेका बाजूने उतरवायची आणि त्याच पायावर चिऱ्याची चढवायची, कारण पाया वाढविला तर नवा परवाना लागतो. त्यामुळे अशा घरांच्या खोल्या अजून लहानच आहेत. आजोबांनी भाटकाराला विचारून जेवढी जागा आखली होती तेवढ्याच.